आमची वाटचाल: पहिलं सीएनसी घरीच बनवलं तेव्हा

आमचं वर्कशॉप कुडाळपासून थोडं आत, घराच्या मागच्या पडवीतच सुरू झालेलं. आजोबा सुतार, बाबा सुतार. चौरंग, पाट, देव्हारे, चौकटी आणि चवथीच्या आधी दोन महिने मखर नि माटवी (गणपतीवर टांगायची लाकडी चौकट), एवढाच धंदा. देव्हाऱ्याची जाळी बाबा हाताने कोरायचे, एका जाळीला तीन दिवस जायचे, आणि मग गिऱ्हाईक मोबाईलवर मशीनने कापलेल्या जाळीचा फोटो दाखवून म्हणायला लागलं की अशी हवी आणि आठवड्यात हवी. तयार मशीनचं कोटेशन मागवलं तर तो आकडा आमच्या वर्षभराच्या उलाढालीएवढा. म्हणून २०१८ च्या दिवाळीनंतर ठरवलं, दोन बाय तीन फुटांचं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलप्रमाणे लाकूड कापणारं, कोरणारं मशीन, आपणच बांधायचं.

पार्ट बघायला बसलं की डोळा आधी स्पिंडलवर, म्हणजे कापणारा बिट फिरवणाऱ्या मोटरवर, जातो. २.२ किलोवॅटचा वॉटरकूल, २४००० आरपीएम, मलापण तोच हवा होता. पण त्याचं वजन झेलायला झेड अ‍ॅक्सिस, म्हणजे बिट वरखाली नेणारा भाग, तेवढा दणकट पाहिजे, त्याला व्हीएफडी, म्हणजे वेग सांभाळणारा ड्राइव्ह पाहिजे, पाण्याचा पंप पाहिजे, आणि एवढं करून खालची फ्रेम हलत असेल तर कडा दातेरीच येणार. शेवटी कामावरचाच ट्रिमर, म्हणजे ६ मिमी दांड्याचा बिट पकडणारं हातातलं छोटं राउटर, क्लॅम्पमध्ये पकडायचा ठरवला आणि वाचलेले पैसे मशीन ज्यांवर सरकतं त्या रेल्सला घातले. हा निर्णय मी आजही तसाच घेईन. स्पिंडल नंतर एका दुपारी बदलता येतो, रेल बदलायची म्हणजे अख्खं मशीन उघडायचं.

रेल्समध्ये दोन पर्याय होते. गोल दांड्याच्या एसबीआर २० स्वस्त पडतात, बसवायलाही सोप्या, पण त्यांच्यावर सरकणाऱ्या ब्लॉकला थोडी ढिलाई असते आणि फणसासारख्या लाकडात बिट आडवा चालला की ती जाणवते. चौकोनी एचजीआर २० घट्ट चालतात, फक्त त्यांना खालचा पृष्ठभाग सरळ लागतो, फ्रेम वाकडी असली तर ब्लॉक जागोजाग जाम होतात. आम्ही चौकोनी घेतल्या. बाबांनी रेल हातात घेतली, बोट फिरवलं आणि एवढंच विचारलं, "पावसात ह्या गंजतला, मगे काय करतलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि २०१९ च्या जुलैत चार दिवस काम बंद राहिलं तर रेल्सवर खरंच तांबूस ठिपके आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी भुसा पुसून तेलाचा हात फिरवल्याशिवाय दार लावत नाही, आणि कपाटात बुरशी येऊ नये म्हणून घरोघरी बल्ब लावून ठेवतात तसा कंट्रोलरच्या पेटीत पावसाळ्यात रात्री एक छोटा बल्ब असतो. बेडवरचा, म्हणजे फळी ठेवायच्या जागेवरचा, एमडीएफ बोर्डपण पावसात फुगतो, म्हणून चवथीच्या कामाआधी मोठा बिट लावून तो पुन्हा सपाट करून घ्यावाच लागतो.

फ्रेम साध्या लोखंडाच्या (एमएस) चौकोनी पाइपची, वेल्डिंग केलं आणि थंड झाल्यावर बघतो तर ओढ येऊन पिळलेली. हे बाबांनी पकडलं. चार कोपऱ्यांतून तिरक्या दोन दोऱ्या ताणल्या, मधे एकमेकींना नुसत्या टेकायला हव्यात, मग वरची खाली आणि खालची वर करून परत बघायचं, कारण एकीने दुसरीला दाबलेलं असेल तर पहिल्या खेपेला कळत नाही. दोन मिमीचा फरक निघाला. पत्र्याचे शिम, म्हणजे पातळ तुकडे, घालून तो काढायला आमचा एक आठवडा गेला, आणि खरं सांगतो, मशीनची अचूकता त्या आठवड्यात आली, इलेक्ट्रॉनिक्सने नाही.

मशीन पुढेमागे सरकवणाऱ्या स्क्रूला आधी थ्रीडी प्रिंटरवाले ८ मिमीचे लीड स्क्रू घेणार होतो, पण तीन फुटांवर ते वेगात फिरले की दोरीसारखे उडतात, म्हणून १६०५ बॉलस्क्रू, म्हणजे १६ मिमी जाडी आणि एका फेरीला ५ मिमी चाल. मोटर नेमा २३ मापाची स्टेपर, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणारी, फेरीला २०० स्टेप, ती चालवणाऱ्या ड्रायव्हरवर ८ चं मायक्रोस्टेप, एका स्टेपचे आठ भाग, म्हणजे १६००, भागिले ५, एका मिलीमीटरला ३२० स्टेप. लाकडाला भरपूर झालं. सप्लाय मात्र २४ ऐवजी ३६ व्होल्टचा घ्या, स्टेपरचा जोर वेग वाढला की पडतो आणि जास्त व्होल्टेजला तो जरा उशिरा पडतो. कंट्रोलर म्हणजे अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल, हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर फुकट.

आता ज्या पार्टवर लोक पैसे वाचवतात तो, होमिंगचे स्विच, म्हणजे मशीन टोकाला पोचलं की दाबले जाणारे. आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते. लाइट गेली की स्टेपर आपण कुठे होतो ते विसरतो, आणि अर्धी कोरलेली फळी वाया. स्विच असले की मशीन परत स्वतःचा शून्य शोधतं आणि फाइल मधल्या ओळीपासून पुढे चालवता येते. २०२१ च्या मे मधे तौक्ते वादळ आलं तेव्हा एक सागाची जाळी अर्धी कापून बेडवर तशीच अडकलेली, कित्येक दिवसांनी लाइट आली तेव्हा होम केलं आणि तीच जाळी पुरी केली, जोड दिसत नाही. स्विच एनसी, म्हणजे दाबला नसताना करंट चालू राहील असे, जोडा, वायर तुटली तर मशीन थांबतं. आणि वायर शिल्डवाली घ्या, आमचा ट्रिमर चालू केला की ब्रशच्या ठिणग्यांमुळे स्विच दाबला गेला असं समजून मशीन उगाच थांबायचं, हे शोधायला मला दोन आठवडे लागले.

ट्रिमर दीड वर्ष चालला, दोनदा कार्बन ब्रश बदलले, मग १.५ किलोवॅटचा स्पिंडल घेतला. तीन दिवसांची जाळी आता दोन तासांत होते, कडा मात्र बाबा अजून हातानेच घासतात आणि देव्हाऱ्याचा कळस मशीनवर करू देत नाहीत.

सध्या चार बाय चार फुटांच्या दुसऱ्या मशीनची फ्रेम उभी आहे. काल बाबांनी दोऱ्या ताणून बघितल्या, मागच्या डाव्या कोपऱ्यात अजून एक शिम लागणार आहे.