रँक नाही, मग काम काय?

जिल्ह्यात सैनिक स्कूल, अपशिंगे मिलिटरीसारखं गाव. त्यामुळे साताऱ्यात लष्करासाठी काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "रँक कुठली?" रँक नाही. प्रशिक्षणाचे सिम्युलेटर एकमेकांना जोडून सराव चालता ठेवणारा मी सिव्हिलियन. "मग काम काय?" असं तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

रणगाड्याचा सिम्युलेटर एका कंपनीचा, हेलिकॉप्टरचा दुसरीचा. दोघांना एकाच रणांगणात आणायचं तर बोली एक हवी. डीआयएस (डिस्ट्रिब्यूटेड इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन), म्हणजे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १२७८ क्रमांकाचं मानक, ही त्यातली जुनी आणि अजून चालणारी. प्रत्येक वाहन आपली जागा, वेग, दिशा नेटवर्कवर सांगतं. एक निरोप किमान १४४ बाइटचा. मधल्या वेळात बाकीचे शेवटच्या वेगावरून अंदाज बांधतात. अंदाज फार चुकायला लागला की नवा निरोप जातो. उभ्या वाहनानेही साधारण दर ५ सेकंदांनी हजेरी लावायची. १२ सेकंद गप्प राहिलं की ते पडद्यावरून काढतात. म्हणून "रणगाडा मधूनच गायब होतो" अशी तक्रार आली की आधी दोन्हीकडचे हे आकडे बघायचे. मुळातच दिसत नसेल तर सरावाचा क्रमांक आणि पोर्ट जुळवायचे, मग राउटर. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेला निरोप, सहसा तिथेच अडतो.

डोकं खाते ती उंची. डीआयएसमध्ये जागा पृथ्वीच्या केंद्रापासून मीटरमध्ये मोजतात, डब्ल्यूजीएस ८४ प्रमाणे, म्हणजे पृथ्वीचा एक ठरलेला गुळगुळीत आकार धरून. नकाशावरची उंची मात्र समुद्रसपाटीपासूनची. आपल्याकडे त्या आकाराचा पृष्ठभाग आणि समुद्रसपाटी यांत साठ मीटरहून जास्त तफावत आहे. ती दुरुस्ती पाठवणाऱ्या बाजूने विसरली, तर अजिंक्यताऱ्यावर उभा केलेला रणगाडा समोरच्याला हवेत लटकलेला दिसतो. काही सिम्युलेटर रणगाड्याला आपोआप जमिनीवर बसवतात आणि चूक झाकून टाकतात (ही सोय मला अजिबात आवडत नाही). हेलिकॉप्टरला असं बसवता येत नाही, त्यामुळे गडबड उघडी पडते ती ते आल्यावर, ऐन सरावात.

भूभागाचंही तेच. एकाकडे डोंगराची धार बारीक जाळीची, दुसऱ्याकडे ढोबळ. मग एकाला शत्रू दिसतो आणि तो शत्रू स्वतःला आडोशाला समजत असतो. म्हणून धारेवरचे काही बिंदू निवडून दोन्हीकडची उंची तक्त्यात मांडून ताडून बघतो, दृष्टिरेषा दोन्ही बाजूंनी तपासतो. त्या तक्त्यावर सही झाल्याशिवाय सराव सुरू करू नये, साहेब घड्याळ बघत उभे असले तरी.