चौरंगाची चौकट: कुसवं, खांदे आणि बांबूच्या खुंट्या

गेल्या नोंदीत लाकूड रंधून तयार झालं होतं. आता चौकट उभी आहे. खिळा नाही, स्क्रू नाही, फेविकॉलचा थेंब नाही, आणि एका पायाला धरून उचलली तरी कुठे कुरकुर नाही. फार समाधान वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

लाकूड जुनं सागवान, एका पाडलेल्या वाड्याच्या कडीपाटातल्या कड्यांचं. असं लाकूड घेणाऱ्यांनी आधी लोहचुंबक फिरवावा. तुटून आत राहिलेला खिळा रंध्याच्या पात्याची धार एका फटक्यात घालवतो. सागात सिलिका असते, त्यामुळे धार तशीही लवकर जाते. मी पटाशी (लाकूड कोरायचं सपाट धारदार पातं) ३० अंशांवर घासून ठेवली होती आणि प्रत्येक खाचेनंतर ती दगडावर फिरवत होते. कंटाळवाणं वाटतं, पण बोथट पटाशीने लाकूड कापलं जात नाही, चेंगरलं जातं.

मापं अशी: पाय दीड इंच चौकोनी, म्हणजे १२ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आडव्या पट्ट्या अडीच इंच रुंद, ७ सूत जाड. कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली, पायाच्या खाचेत शिरणारी जीभ, पट्टीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या भागाएवढं जाड असावं, हा आपला नेहमीचा हिशोब. सातचा तिसरा भाग सव्वादोन सुताच्या जरा वर येतो, पण तेवढी पटाशी कुठे मिळणार? माझ्याकडे ३ सुताची चांगली पटाशी आहे, म्हणून कुसू ३ सूत. खाचेची रुंदी पटाशीनेच ठरवावी. मार्किंग गेजच्या (लाकडाच्या कडेला समांतर रेघा ओढायच्या साधनाच्या) दोन टोकांमधलं अंतर पटाशीच्या पात्याला लावून पक्कं केलं आणि त्याच मापाने सगळे पाय आणि सगळ्या पट्ट्या आखल्या. गेज प्रत्येक वेळी बाहेरच्या बाजूलाच टेकवला. हे पाळलं की लाकडाच्या जाडीत केसभर फरक असला तरी दर्शनी बाजू एका पातळीत येते.

खाचा जमिनीवर बसून पाडल्या. गॅलरीत टेबल मावत नाही, आणि आपले जुने सुतार पायाने लाकूड दाबून धरत तीच पद्धत मला आता आवडायला लागली आहे. खाली जाड ठोकळा, त्यावर चौरंगाचा पाय आडवा, हातात मोगरी (लाकडी हातोडा). खाच पायाच्या वरच्या टोकाजवळ येते, म्हणून पाय इंचभर लांब ठेवला होता. नाहीतर ठोकताना टोक चिरतं. जास्तीचा तुकडा सांधा बसल्यावर कापायचा. शिवाय पट्टीच्या वरच्या ५ सुतात कुसू पूर्ण लांबीचं न ठेवता अगदी आखूड ठेवलं. त्यामुळे खाच वरून उघडी पडत नाही आणि पट्टीची वरची कड पिळवटायला वाव राहत नाही.

प्रत्येक पायात दोन खाचा काटकोनात येऊन आत एकमेकींना मिळतात. खोली ९ सूत घेतली, बाहेरच्या बाजूला ३ सूत लाकूड शिल्लक. दोन्ही कुसवांची टोकं ४५ अंशांत तासली म्हणजे दोघांनाही पुरेशी लांबी मिळते.

आता खांदा, म्हणजे कुसवाच्या मुळाशी पट्टीचा पायाला टेकणारा भाग. माझं ठाम मत झालंय की या सांध्यात सगळ्यात जास्त वेळ खांद्याला द्यावा. आपण सगळे कुसू खाचेत किती घट्ट बसतं याच्या मागे लागतो. पण चौरंगावर वजन पडून चौकट कलायला बघते तेव्हा तिला अडवतो तो पायाला सपाट टेकलेला खांदा. तो एका कडेलाच टेकत असेल, तर घट्ट कुसूही काही दिवसांत सैल होतं. म्हणून समोरासमोरच्या दोन पट्ट्या शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) एकत्र धरून खांद्याच्या रेषा एकदमच आखल्या, म्हणजे दोन खांद्यांमधलं अंतर दोन्हीकडे अचूक सारखं. पेन्सिल नाही, सुरी. गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून सुरीने रेघ खोल केली, टाकाऊ बाजूने पटाशीने बारीक उतार काढला आणि करवत त्या उतारात टेकवली. करवत मग रेघ सोडत नाही. आधी उभे काप, नंतर खांद्याचे. मधला भाग पटाशीने किंचित खोल घेतला, बाहेरच्या कडांना हात लावला नाही.

सांधा आवळायचं काम खुंट्यांचं. पायात २ सुताचं भोक, खांद्यापासून ३ सूत आत. मग कुसू आत घालून भोकाची खूण त्यावर घेतली, ते बाहेर काढलं आणि कुसवातलं भोक खांद्याच्या दिशेने अर्ध्या सुताहून थोडं कमी सरकवून पाडलं. खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणू बघते आणि खांद्याला पायावर ओढून धरते. पूर्ण अर्धा सूत सरकवायची हिंमत मी केली नाही. जुनं सागवान कोरडं असतं, भोकापुढचं कुसू तुटू शकतं. एका पायातल्या दोन खुंट्या एक वर, एक खाली, नाहीतर आत त्यांची टक्कर होते.

खुंट्या बांबूच्या, कोयत्याने चिरलेल्या. करवतीने कापलेल्या खुंटीत धागे मध्येच तुटतात, चिरलेलीत ते टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. बांबूत सालीजवळ धागे सर्वांत दाट असतात, तोच भाग घ्यायचा. टोक निमुळतं केलं, म्हणजे सरकवलेल्या भोकातून वाट काढता येते. ठोकताना खांद्याची फट मिटत गेलेली दिसते. तो क्षण प्रत्येकाने एकदा अनुभवावा.

जाता जाता: जर्मनीत लायपझिगजवळ सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या ओक लाकडाच्या विहिरी सापडल्या आहेत. त्यांच्या तळाच्या चौकटीत कुसू-खाचेचे सांधे आहेत, आणि ते बनवणाऱ्यांकडे धातूची अवजारं नव्हती, दगडाची होती. हे वाचल्यापासून माझ्या साध्या पटाशीबद्दल माझी तक्रार उरलेली नाही.

पुढचं काम वरच्या फळीचं. १५ इंचांची फळी मे आणि जुलैच्या हवेत मिळून सूतभर फुगते-आक्रसते, म्हणून ती चौकटीला पक्की जखडायची नाही. पट्ट्यांच्या आतल्या अंगाला आडवी खाच पाडून त्यात सरकणारे छोटे लाकडी ठोकळे बसवीन आणि फळी त्यांनाच जोडीन. फळीचे तीन तुकडे कडेला कड लावून जोडायचे आहेत. सागाच्या तेलकटपणामुळे कडा ताज्या रंधून लगेच सरस लावायचा विचार आहे. कुणी सागवानाची अशी जोड केली असेल, तर किती वेळ शिकंज्यात ठेवली ते जरूर सांगा.