धुकं, केळी अन् धौलपूरचा पंप

पहाटेचे चार वाजलेत, धौलपूरच्या पुढे एका पंपावर गाडी आत घेऊन लावलीय. जळगावकडच्या सावद्याहून केळी भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीत चाललोय. मुरैनापर्यंत रस्ता दिसत होता, चंबळचा पूल यायच्या आधीच काचेसमोर सगळं पांढरं, मग नुसता कडेचा पट्टा धरून चालवली. अप्पर म्हणजे लांबचा झोत मारला तर उजेड उलटा आपल्याच डोळ्यात येतो म्हणून डिपर, म्हणजे खालचा झोत, खालचे पिवळे फॉग लाईट अन् काच उघडी, कारण दिसत नसलं तरी पुढचं ऐकू येतं. भाचा क्लीनर आहे, तो डोकं बाहेर काढून ओरडतो, मामा डावीकडे उभीय, डावीकडे!

चालत्या गाडीचं मला भ्या नाही वाटत, उभ्या गाडीचं वाटतं. टेललाईट बंद, रिफ्लेक्टरवर चिखल, दिसेपर्यंत आपण तिच्या फाळक्यावर, म्हणजे मागच्या फळीवर. म्हणून थांबायचं तर पंपावर नाहीतर ढाब्यावर आत, रोडच्या कडेला अजिबात नाही.

पण थांबलं की मागच्या मालाचा घोर लागतो. हिरव्या केळीला 13 डिग्रीच्या खाली थंडी बाधते, आपल्याकडे रावेर-यावलला पारा 10 च्या खाली गेला की उभ्या बागेतच बाधते, इथं तर ताडपत्रीवरून पाणी गळतंय. मघाशी फाळक्याकडचं एक केळं काढून नखाने साल खरवडली तर आत बारीक तपकिरी रेषा. असं केळं पिकवलं तरी पिवळंधमक होत नाही, मळकटच राहतं अन् मंडीत त्याचा भाव पडतो. वर्षभर पाणी-खत घालून शेतकऱ्याने वाढवलेला घड असा वाटेत खराब होताना बघवत नाही.

व्यापाऱ्याचे फोनवर फोन चाललेत, लेट झाला तर भाडं कापीन म्हणतो. मी म्हटलं, शेठ, ऊन पडून धुकं उठलं की लगेच काढतो, त्याच्या आधी नाही. कापू दे. शेजारी आईबापाचं एकुलतं एक पोरगं बसलेलं असतं माझ्या.

सावद्याच्या लोडिंगवाल्या भाऊंना एवढंच सांगणं आहे की थंडीत गाडी भरताना फाळक्याला अन् दोन्ही बाजूंनी केळीची पानं जाड लावा हो, ताडपत्री डबल टाका, अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

दिल्लीत गाडी खाली झाली की डावा फॉग लाईट बघायचाय, मधेच मिचमिचतोय. अन् परतीचा माल रात्री उचलणार नाही असं ट्रान्सपोर्टवाल्याला आत्ताच कळवून टाकलंय.