एकाच बाबांच्या दोन फायली

बाबा मोरीत घसरले, कपाळाला खोक पडली. २०१६ साली त्यांची हृदयाची मायट्रल झडप बदललीय, कृत्रिम, मेकॅनिकल. तेव्हापासून रोज वॉरफरिन. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर माणूस चांगला बोलत असला तरी सीटी करावा लागतो, आत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. म्हणून लालबागहून टॅक्सी करून, झडप बसवली त्याच हॉस्पिटलात नेलं. तिथे त्यांचं सगळं कॉम्प्युटरवर आहे, हा मला केवढा आधार वाटत होता!

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मुलीने लगेच तपासलं. अडलं ते रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर. नंबर टाकल्याशिवाय सीटीची ऑर्डर जाईना, आणि शोधलं तर बाबा दोन निघाले. एका ओळीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी, जन्मसालात एका वर्षाचा फरक. क्लार्कने दुसरी फाईल उघडली. तिच्यात २०१९ ची डोळ्यांची तपासणी, बाकी काही नाही. औषधांचा रकाना कोरा.

त्या कोऱ्या रकान्याची मला अजून भीती वाटते. ‘कोणी विचारलंच नाही’ आणि ‘औषध चालू नाही’ या दोन्हींसाठी पडद्यावर तीच पांढरी जागा. मी सोबत नसते तर?

मी सांगत होते, ही नाही, ती दुसरी उघडा. तर म्हणे, “ताई, ओटीपी लागेल.” जुन्या फाईलवर आईचा नंबर होता, तीन वर्षांपूर्वी बंद झालेला. मग आधार द्या, मग सुपरवायझर येऊ देत. चाळीस मिनिटं गेली. बाबा स्ट्रेचरवर कपाळाला गॉज धरून, त्यावरचा लाल डाग वाढत चाललेला. आधी उपचार, सोपस्कार मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय.

शेवटी सिस्टर बाहेर आल्या. “अहो, बेशुद्ध पेशंट आला तर काय करता? तात्पुरता नंबर काढा, नंतर मर्ज करा.” पाच मिनिटांत ऑर्डर गेली. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्या मिनिटाला हेच शब्द वापरा, मला ते ठाऊक नव्हते.

“शेवटचा आयएनआर किती?” डॉक्टरांनी विचारलं. वॉरफरिनने रक्त किती पातळ झालंय, ते दाखवणारा हा आकडा. माझ्या पर्समध्ये लॅबची चिठ्ठी होती: ३.१. ती चिठ्ठी जवळ ठेवाच. आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य कार्ड) काढलं असेल तर त्या १४ आकडी नंबराला हॉस्पिटलने रिपोर्ट खरंच जोडलेत का, तेही ॲपमध्ये उघडून बघा. बाबांच्या नंबराला एकही जोडलेला नव्हता. आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर औषधांची नावं दिसतील अशी सोय असते, ती आजच करून टाका.

सीटी चांगला आला. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं.

पुढच्या आठवड्यात दोन्ही केसपेपर आणि आधारची प्रत घेऊन रेकॉर्ड विभागात अर्ज दिला. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी क्लार्कला पडदा माझ्याकडे वळवायला लावला. बाबा एकच होते, आणि नावाखाली लाल अक्षरांत वॉरफरिन.