एवढं ठोकता, पत्रा फाटत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात माझ्यासमोर बसून पत्र्याची वाटी होताना पाहिली की बहुतेकांच्या तोंडी हाच प्रश्न येतो: "भाऊ, एवढं ठोकता, फाटत नाही का हो?"

फाटतो. ठोकतच राहिलं तर हमखास फाटतो. तो वाचतो तो थांबल्यामुळे. नेमकं कधी थांबायचं, हे ओळखण्याला मी या कामातलं खरं कसब मानतो. हातोडी मारायला कुणीही लवकर शिकतं.

चांदीचंच घ्या. दागिन्यांच्या चांदीत बहुधा हजारात 925 भाग चांदी असते, बाकीचं तांबं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून गोल चकती कापायची आणि तिची कड कानशीने गुळगुळीत करायची. ही कड फार महत्त्वाची, कारण चीर बहुतेक वेळा कडेवर राहिलेल्या बारीकशा खाचेतूनच सुरू होते. मग गोल खळ्या असलेल्या ठोकळ्यावर, आधी मोठ्या खळीत, चकती पूर्ण आत मावेल अशी ठेवायची. गोल डोक्याचा ठसा, म्हणजे हातोडीखाली धरायचा दांडा, कडेकडेने फिरवत मध्याकडे यायचं, आणि मग त्याहून लहान खळी घ्यायची. नवीन हात सरळ मध्यावरच ठोकतो. त्याने खोली पटकन येते खरी, पण पत्रा नेमका तिथेच पातळ होतो, आणि वापरात तोच भाग आधी दबतो.

आता फाटण्याचं कारण. धातू म्हणजे बारीक बारीक कणांची दाटी, आणि प्रत्येक कणात अणूंचे थर. ठोका बसला की हे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून तर पत्र्याला आकार येतो. पण सरकता सरकता ते एकमेकांत अडकू लागतात. पत्रा कडक होतो, हातोडी उसळायला लागते, आवाज बदलतो. मऊ पत्र्याचा आवाज बसका असतो, कडक झालेला टणटणतो. मी डोळ्यांपेक्षा या आवाजावर जास्त विसंबतो. दुकानात रेडिओ न लावण्याचं कारण हेच.

आवाज चढला की ठोकणं बंद आणि पत्र्याला ताव द्यायचा. 925 चांदी साधारण 600 ते 650 अंशांपर्यंत तापवली की आत नवे, मोकळे कण तयार होतात आणि पत्रा पुन्हा मऊ पडतो. तेव्हा तिचा रंग मंद लालसर दिसतो, पण अंधाऱ्या जागेतच. आपल्या नागपूरच्या दुपारी उघड्या दारात बसून तो लालसरपणा दिसायचा नाही. दिसेपर्यंत ताव कधीच पुढे गेलेला असतो. म्हणून मी ताव देताना दार लोटून घेतो, आणि ज्योत हलू नये म्हणून पंखाही बंद करतो. मे महिन्यात हे किती जीवावर येतं ते नागपूरकराला सांगायला नको, पण ते टाळून चालत नाही. नवशिक्यांना मी पत्र्यावर साध्या मार्करने रेघ ओढायला सांगतो. रेघ उडाली की ज्योत बाजूला घ्यायची.

ताव जास्त झाला तर आतले कण मोठे होतात आणि ठोकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत येतो. अजून तापवत राहिलात तर 800 अंशांच्या आसपास ही चांदी वितळायला लागते. शुद्ध चांदी 961 अंशांपर्यंत टिकते. मिसळलेल्या तांब्यामुळे ही आधीच हार मानते. लाली गेल्यावर पत्रा पाण्यात विझवायचा, कोमट सौम्य आम्लात काळेपणा काढायचा, धुऊन कोरडा करायचा आणि पुन्हा खळीत ठेवायचा. खोल वाटीला हे असं अनेकदा करावं लागतं. घाईत एक ताव चुकवण्यात काहीच कमाई नाही. चीर गेली की आतापर्यंतचं सगळं काम भंगारात.

याला लागून दुसरा प्रश्न येतोच. आजीच्या किंवा आईच्या मंगळसूत्राची वाटी दबलेली असते, आणि ताई विचारतात, "ही ठोकून सरळ होईल का?" बहुतेक वेळा होते. पण जुन्या वाटीच्या पोटात अनेकदा लाख भरलेली असते. ती पूर्ण काढल्याशिवाय वाटीला आग दाखवायची नाही, नाहीतर लाख जळून सगळीकडे पसरते. लाख काढायची, ताव द्यायचा आणि वाटीच्या गोलाईशी जुळणाऱ्या ठशाने आतून हलके हलके ठोके देत पोचा वर आणायचा. कडेला आधीच चीर असेल तर मात्र ठोक्यांनी ती वाढतच जाते. तेव्हा आधी डाग देऊन, म्हणजे जोडाचा धातू वितळवून, चीर बुजवायची आणि मगच हातोडी घ्यायची. म्हणून वाटी माझ्याकडे आणण्याआधी घरी चमच्याच्या दांड्याने पोचा काढायला जाऊ नका. दबलेली वाटी सोपी असते, चिरलेली अवघड.