एवढ्याशा पोट्ट्याले कायचं टेन्शन?

तुम्ही माझ्या कामाबद्दल विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, एस.टी.त, किराणा दुकानात, कुठेही मी लहान मुलांची मानसोपचार डॉक्टर आहे हे कळलं की समोरचा हसून विचारतो, "म्याडम, एवढ्याशा पोट्ट्याले कायचं टेन्शन?"

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. पण आकडे सांगून कोणाला पटत नाही, म्हणून मी पोटदुखीचं सांगते.

टेन्शन आहे म्हणून आमच्याकडे मूल येत नाही, पोट दुखतं म्हणून येतं. जंताचं औषध झालेलं, सोनोग्राफी नॉर्मल, दंडात मांत्रिकाचा दोरा. मी विचारते, रविवारी दुखते का? दिवाळीच्या सुट्टीत? आई आठवून नाही म्हणते आणि लगेच, "म्हंजे, हा नाटक करते का?" नाही. भीतीनं पोट खरंच दुखतं, मोठ्यांचंही दुखतं.

मग भीती कशाची ते शोधायचं. एखाद्याला चौथीतही जोडाक्षर वाचता येत नाही आणि गुरुजी रोज उभं करतात. ही अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं जमत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आहे, प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. खेड्यातल्या किती पालकांना हे माहीत असतं?

यवतमाळकडच्या एका मुलाला मात्र अभ्यासाची काहीच अडचण नव्हती. आजीला बाहेर बसवलं, कागद-खडू दिले, बराच वेळ तो बैलच काढत बसला. मग मान वर न करता म्हणाला, "मी शाळेत गेलो अन् बाबानं पुन्हा औषध घेतलं तं?" औषध म्हणजे फवारणीचं. बाप वाचला होता, घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं, आणि नऊ वर्षांचं पोरगं पोट धरून घरी राहून बापावर पहारा देत होतं. त्याला मी एकही गोळी लिहिली नाही. उपचार बापाचे सुरू केले, नैराश्य होतं त्याला. मुलाशी आणि शाळेतल्या बाईंशी बोलत राहिले. पोटदुखी हळूहळू थांबली.

यासाठी शिक्षण किती, हेही विचारतात. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, पुढे तीन वर्षं मानसोपचारात एमडी. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्य संस्थेत बालमानसोपचाराचं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी, करायची तर आणखी तीन. कमाईचं विचारू नका. मामा अजून म्हणतात, बालरोग घेतलं असतं तर लसीकरणातच बंगला झाला असता.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, फुकट. अडचण असते ती पुन्हा येण्याची. कापूस वेचणी लागली की मजुरी बुडवून कोण येणार? म्हणून पुढची तारीख लिहिण्याआधी मी गावाच्या बाजाराचा वार विचारून घेते.