नानांचा रुमाल

नाना, म्हणजे माझे सासरे, बावीस वर्षं पहाटे साडेपाचला फिरायला जात. लष्कर भागातल्या आमच्या घरापासून कंपूपर्यंत, येताना दूध. ग्वाल्हेरच्या जानेवारीतसुद्धा. "पहाटेची हवा शुद्ध असते गं," एवढंच उत्तर.

गेल्या जानेवारीत परतले ते दुधाची पिशवी हातात घेऊन जिन्यावरच बसले. "गॅस झालाय, जरा ओवा दे." बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि नानांची कानटोपी घामाने ओली. ओव्याचा डबा तसाच टाकून मी नवऱ्याला उठवलं. संध्याकाळपर्यंत हृदयाच्या वाहिनीत स्टेंट, ती उघडी ठेवणारी जाळी, बसलेला होता.

दोन दिवसांनी स्वेटर धुवायला काढला तर खिशात रुमाल, नाक पुसल्याचे काळे डाग पडलेला. त्यांच्या वाटेवर थंडीत लोक पाला, प्लॅस्टिक, कधी टायरही पेटवून शेकत बसतात. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, रुमालावर आलं ते जाड, नाकातच अडकलं. खरा त्रास न दिसणाऱ्या कणांचा, पीएम 2.5चा. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे. थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. अंगात सूज वाढते, रक्त लवकर गोठतं, वाहिनीत साठलेला चरबीचा थर फुटू शकतो. त्यात थंडीने वाहिन्या आकसलेल्या, रक्तदाब चढलेला. काही तासांचा धूरही पुरतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हे 2010 सालीच म्हटलंय. अर्थात नानांची साखर वीस वर्षांची, नि जिलबीवरचं प्रेम त्याहून जुनं. सगळं धुरावर ढकलणार नाही मी.

पण त्या 'शुद्ध' हवेचं मात्र मनाला लागलं. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि वर उबदार थर पातेल्यावरच्या झाकणासारखा बसतो. रात्रभरचा धूर खालीच कोंडतो, ऊन चढेपर्यंत. म्हणजे नाना बरोब्बर झाकण घट्ट असताना बाहेर पडत होते!

आता मी मोबाईलवर हवेचा आकडा बघते. आपल्याकडे पीएम 2.5ची चोवीस तासांची मर्यादा घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 15. आमच्याकडे थंडीत साठाच्या खालचा दिवस दिसला की मी तो नानांना मुद्दाम दाखवते.

फिरणं आता दुपारी चारला. "ही काय फिरायची वेळ झाली?" असं चपला घालताना रोज ऐकवतात.